लँडमास्टरचं झाकण

रायपूरच्या तेलीबांधा तलावामागच्या गल्लीत रेडिएटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. पाटीवर नाव रामकृष्णाचं आहे, पण कथलाचा डाग देऊन सांधे जोडणारे हात कित्येक वर्षं त्याच्या बायकोचे आहेत. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून काळ्या धुळीनं माखलेले डंपर येतात. ड्रायव्हर लांबूनच ओरडतात, "दीदी, जरा देख लो!" प्रमोदिनीबाई मान वर न करता हातानंच गाडी कुठं लावायची ते दाखवतात. नवी मंडळी आधी चमकतात. मग काम बघतात आणि गप्प बसतात.

प्रमोदिनी मूळची आमगावची. आठवीपर्यंत शिकली आणि विसाव्या वर्षी लग्न होऊन रायपुरात आली. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातलं एक जिल्ह्याचं गाव होतं, राजधानी-बिजधानी कुणाच्या डोक्यातही नव्हती. सासरे वर्ध्याकडून रेल्वेत फिटर म्हणून आले होते. मुलानंही रेल्वेत लागावं अशी त्यांची इच्छा, पण रामकृष्णाचा जीव तांब्या-पितळेत. वितळलेल्या कथलाचा थेंब सांध्यात कसा पळत जातो, ते तो तासन्‌तास बघत बसे. तेलीबांधा त्या काळी गावाबाहेर होतं. संबलपूरकडं जाणारे ट्रक तिथं थांबायचे. त्यानं रस्त्याकडेला पत्र्याची टपरी टाकली आणि दोन-तीन वर्षांत त्याचं नाव झालं. रेडिएटर मोडीत जाईल पण रामकृष्णाचा डाग सुटणार नाही, असं लोक म्हणत.

मे १९८६ मधली ती दुपार. प्रमोदिनी डबा घेऊन आली होती. तीन वर्षांचा सुशील तिच्या कडेवर झोपला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आरंगच्या बाजूनं एक गाडी धापा टाकत आली आणि टपरीसमोर बंद पडली. गाडी ओळखीची होती, चौबे कॉलोनीतल्या यशवंतरावांची जुनी लँडमास्टर मोटार. यशवंतराव सरकारी कचेरीत नोकरीला, मूळचे नागपूरचे, गाडीला लेकरासारखं जपणारे. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती, आणि मागच्या सीटवर त्यांची बायको कण्हत होती. माहेरी आरंगला बाळंतपणाला गेली होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, म्हणून यशवंतराव तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन निघाले होते.

रामकृष्णानं बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला आणि मागं घेतला.

"साहेब, अर्धा तास थांबा लागते. आता झाकण खोललं त पाणी तोंडावर येईन."

"अर्धा तास नाही रे माझ्याकडं!" यशवंतरावांनी हात जोडले. "तू बघतोयस ना तिच्याकडं? काहीतरी कर."

रामकृष्णानं मागच्या सीटकडं पाहिलं. ती बाई ओठ चावून दाराची कडी धरून होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं. ना रिक्षा, ना टांगा. एकच ट्रक होता आणि त्याचा ड्रायव्हर खाटेवर झोपला होता. रामकृष्णानं गोणपाट भिजवलं, झाकणावर टाकलं, तोंड फिरवलं आणि हळूच पाव वेढा दिला.

झाकण उडालं. गंजानं तांबडं झालेलं उकळतं पाणी आणि वाफ उसळून त्याच्या चेहऱ्यावर आली. तो किंचाळला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला आणि तसाच बोलत राहिला, "थंड पाणी एकदम नका टाकू, इंजिन फुटेन. चालू करा... थोडं थोडं टाका... अन्‌ जा तुमी, जा!"

यशवंतरावांनी पाणी भरलं आणि गाडी काढली. झोपलेला ट्रक ड्रायव्हर जागा झाला. त्यानं आणि प्रमोदिनीनं रामकृष्णाला ट्रकमध्ये चढवलं. तोवर लँडमास्टर दिसेनाशी झाली होती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. पुढं नागपूरलाही नेऊन आणलं. पण पट्ट्या सुटल्यावर रामकृष्णाला उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं, आणि वर्षभरात तेही गेलं.

अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी यशवंतराव वॉर्डाच्या दारात आले होते. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. आत यायचा धीर होत नव्हता. प्रमोदिनीच बाहेर गेली.

"मुलगी झाली," ते खालमानेनं म्हणाले. "दोघी सुखरूप आहेत. पाच मिनिटं उशीर झाला असता तर... डॉक्टर म्हणाले तसं. रामकृष्णाला सांगाल? मला त्याच्यापाशी बसू द्या थोडा वेळ."

पंचवीस वर्षांची प्रमोदिनी तीन दिवस जेवली नव्हती. आत नवरा पट्ट्यांखाली चाचपडत होता आणि समोर ज्याच्या घरी पाळणा हलला तो माणूस उभा होता.

"माह्या घरचा दिवा इझवून तुमच्या घरी दिवा लागला," ती म्हणाली. "आता इथं पाय ठेवू नका. पुन्हा तोंड दाखवू नका आमाले."

ते निघून गेले. ती आत आली, तेव्हा रामकृष्णानं विचारलं, "कोण होतं?"

"कोणी नाही."

"ते बाई पोहोचली का वेळेवर? काही समजलं?"

"मले काय माहीत," प्रमोदिनी म्हणाली आणि पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला.

ते तीन शब्द बोलताना तिला काहीच वाटलं नाही. राग इतका भरला होता की खोटं बोलल्याचंही तिच्या लक्षात आलं नाही. पुढच्या मे महिन्यात पोस्टातून एक पत्र आलं, पाकिटावर रामकृष्णाचं नाव. आंधळ्या माणसाचं पत्र घरातलं डोळस माणूसच वाचणार. यशवंतरावांनी लिहिलं होतं की मुलीचं नाव देवश्री ठेवलं आहे, ती भिंत धरून उभी राहते, आणि तिच्या वाढदिवसाला घरात आधी तुमचं नाव निघालं. प्रमोदिनीनं पत्र पुन्हा पाकिटात घातलं आणि ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवून दिलं. फाडावं असं वाटलं, पण हात धजला नाही. अशी सात वर्षं सात पत्रं आली. एकालाही उत्तर गेलं नाही. मग पत्रं थांबली.

रामकृष्ण पहिली काही वर्षं मे आला की विचारायचा, "त्या बाईचं काय झालं असन गं?" प्रमोदिनी म्हणायची, "असन कुठी तरी." एका वर्षी त्यानं विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही. त्याला काय वाटत असेल, असं तिच्या मनात यायचं. पण राग ओसरला होता तिथं आता भीती येऊन बसली होती. इतक्या वर्षांनी सांगायचं तर तोंड कुठं लपवायचं?

या सगळ्यात दुकान मात्र चालू राहिलं, कारण चालवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. रामकृष्ण शेजारी स्टुलावर बसायचा आणि ती डाग द्यायची. तो कानानं बघायचा. "कथील जास्त झालं, आवाज जड येऊन राहिला." "आच कमी कर." "ते नळी अजून बंद हाये, पाणी अटकून राहिलं." पहिल्या वर्षी तिचे हात जागोजागी पोळले. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हर लोक तिच्याकडं गाडी सोडून चहाला जाऊ लागले. वरची टाकी सोडवायची, जाळीच्या नळ्यांतून चपटी पट्टी फिरवून गाळ काढायचा, टाकी पुन्हा बसवायची, मग तोंडं बंद करून रेडिएटर हौदात बुडवायचा आणि आत हवा सोडायची. कुठं गळत असेल तिथून बुडबुडा येतो. प्रमोदिनी पाण्यावर डोळे लावून असायची, पण तिच्या आधी रामकृष्ण बोट दाखवायचा. त्याला बुडबुडा ऐकू यायचा.

दोन हजार साली राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी बनलं. तलावाकाठ सजला, रस्ते रुंद झाले, टपरी उठली आणि दुकान मागच्या गल्लीत गेलं. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या. फुटले की फेकायचे, त्यांना डाग लागत नाही. सुशील शिकून पुण्याला नोकरीला लागला. फोनवर आई मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, "मम्मी, अब बस करो ये दुकान." पण डंपर होते, ट्रॅक्टर होते, हौशी लोकांच्या जुन्या गाड्या होत्या. आणि दुकान बंद केलं तर रामकृष्णानं दिवसभर काय ऐकायचं?

२०१४ चा एप्रिल संपत आला होता. ऊन फार म्हणून प्रमोदिनीनं नवऱ्याला दहालाच घरी सोडलं आणि एकटी काम करत बसली. एक मुलगी दारात आली. खांद्याला बॅग, गळ्यात नव्या राजधानीतल्या कुठल्याशा कार्यालयाचं ओळखपत्र.

"काकू, मी देवश्री. चौबे कॉलोनीत राहते."

प्रमोदिनीच्या हातातल्या कथलाचा थेंब भलत्याच जागी पडला. आडनाव विचारायची गरज नव्हती.

"बाबा डिसेंबरमध्ये गेले," मुलगी म्हणाली. "शेवटी शेवटी तुमच्याबद्दलच बोलत होते. माझा जन्म कसा झाला ते मला लहानपणापासून माहीत आहे. पण बाबा म्हणायचे, त्यांना आपलं येणं नको आहे, त्रास द्यायचा नाही." ती थांबली. "काका... आहेत ना?"

प्रमोदिनीनं भलतीकडं पडलेला कथलाचा थेंब खरवडून काढला. एक 'नाही' म्हटलं की पोरगी परत जाईल. अठ्ठावीस वर्षं झाकलेलं होतं तसंच झाकलेलं राहील. कुणाला कळणारही नाही.

"हायेत," ती म्हणाली. "बस."

देवश्रीनं सांगितलं की त्या दिवशी दवाखान्यातून घरी आणून उभी केलेली लँडमास्टर यशवंतरावांनी पुन्हा कधी चालवली नाही. दर रविवारी पुसायचे, पण किल्ली लावायचे नाहीत. पाण्याचा कॅन दिसला की तोंड फिरवायचे. आता तिनं एका मिस्त्रीकडून इंजिन खोलून घेतलं होतं. इंजिन तयार होतं, रेडिएटर तेवढा राहिला होता.

"तो दुसऱ्या कुणाला द्यावासा वाटला नाही. आणि काकू, त्यात मी पाणी नाही घालणार."

"काहून?"

"बिनपाण्याचं कूलंट मिळतं आता, इंजिन थंड ठेवायला पाण्याऐवजी घालायचं. जुन्या गाड्यांचे शौकीन वापरतात. पाणी शंभर अंशांवर उकळतं, हे एकशेऐंशीच्या वर. इंजिन कितीही तापलं तरी ते उकळत नाही. उकळत नाही म्हणजे वाफ नाही, आणि वाफ नाही म्हणजे आत दाबही नाही. गंजही लागत नाही. मुंबईहून मागवलंय. मला ती गाडी चालवायची आहे, पण वाफेनं उडणाऱ्या झाकणाची नाही."

प्रमोदिनीनं हात पुसले. "परवा घेऊन ये," ती म्हणाली. "आधी मले घरी बोला लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ती त्याच्यासमोर बसली. ट्रंकेतून काढलेली सात पत्रं मांडीवर होती.

"अवो, तुमाले एक सांगाचं हाये. त्या बाईले पोरगी झाली होती. दोघीही चांगल्या होत्या. यशवंतराव तिसऱ्या दिवशी सांगाले आले होते. मी त्याईले हाकलून देलं. मंग त्याईनं पत्रं लिवली. तेही मी वाचून नाही दाखवले."

रामकृष्णाच्या हातातली बशी हलली नाही. तो म्हणाला, "पोरगी जगली?"

"हव. काल दुकानात आली होती. देवश्री नाव हाये."

"अठ्ठावीस वर्षं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तो तिला परका वाटला. "मी समजून राहिलो की ते पोहोचलेच नाही. माहे डोळे गेले, ते गेले. पण ते लेकरू बी गेलं अन्‌ ते माय बी गेली, असं धरून मी बसलो. म्हणून विचारणं सोडलं मी. तुले त्रास नको म्हणून."

प्रमोदिनीला हुंदका आला. त्यानं हात वर करून तिला थांबवलं, बशी चाचपत खाली ठेवली आणि उठला. रोज तो तिच्या खांद्यावर हात ठेवून दुकानापर्यंत चालत जायचा. त्या दिवशी गल्लीतल्या भिंतीला हात लावत एकटाच निघाला. ती दहा पावलं मागं चालली. वाटेत तो सायकलीला धडकला, तरी तिनं हात दिला नाही. दिला असता तर त्यानं झिडकारला असता, आणि तो त्याला हक्कच होता.

तिसऱ्या दिवशी देवश्री रेडिएटर घेऊन आली. रामकृष्ण उभा राहिला. देवश्री वाकून पाया पडली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. केस, कपाळ, कान चाचपले. मग म्हणाला, "दाखव आता तुहा माल."

त्यानं रेडिएटरवरून बोटं फिरवली. खालच्या टाकीच्या कोपऱ्यात ती थांबली. "हा डाग माहा हाये. चौऱ्याऐंशीचा." मग देवश्रीनं आणलेल्या द्रवाचा थेंब बोटांत चोळला. "तेलावानी लागते. पण पाण्यावानी उष्णता ओढत असन का?"

"नाही काका, पाण्यापेक्षा कमीच. इंजिन थोडं जास्त तापूनच चालतं. आणि पाण्याचा अंश राहिला की फायदा जातो. शंभरात तीनच्या वर पाणी नको."

"म्हणजे एकही नळी बंद नको," रामकृष्ण म्हणाला. तो देवश्रीशी बोलत होता, पण ऐकायचं प्रमोदिनीनं होतं. अख्खा आठवडा दोघं असंच बोलले. तो हवेत सांगायचा, ती करायची.

तिनं वरची टाकी उतरवली. अठ्ठावीस वर्षांचा गाळ नळ्यांत दगड होऊन बसला होता. एकेका नळीत पट्टी घालून तिनं तो खरवडला. नळीमागून नळी, चार दिवस. टाकी बसवली, हौदात बुडवून हवा सोडली. रामकृष्णानं पाण्यालगत कान नेला. "डावीकडं, मधात." तिला काही दिसलं नव्हतं. पाणी स्थिर झाल्यावर मोहरीएवढा बुडबुडा वर आला. तो सांधा तिनं पुन्हा केला. देवश्रीनं लँडमास्टर ओढवून गल्लीत आणली. प्रमोदिनीनं इंजिनाच्या बुडाची तोटी सोडून आतला तांबडा चिखल धुऊन काढला, गरम हवा मारून सगळं वाळवलं आणि रेडिएटर चढवला. आत दडलेलं पाणी शोषून घेणारा एक वेगळा द्रव देवश्रीनं आणला होता. तो भरून इंजिन तापेपर्यंत चालवलं आणि सगळा काढून टाकला. मग खरं कूलंट भरलं.

पाणी राहिलं का ते बघायला देवश्रीकडं एक लहानशी दुर्बिणीसारखी नळी होती. रामकृष्ण म्हणाला, "तुह्या नळीत तू पाह्य. मले तवा दे तापवून." गल्लीत मोकळ्या हवेत शेगडी पेटवली. गाडीतून काढलेल्या द्रवाचा एक थेंब प्रमोदिनीनं तापल्या तव्यावर सोडला. अगदी बारीक तडतड झाली.

"पाणी हाये," रामकृष्ण म्हणाला.

देवश्रीनं नळी डोळ्याला लावली. "पाच टक्के."

पुन्हा सगळं काढलं. खालचा एक वाकडा पाइप होता, त्याच्या पोटात पेलाभर पाणी साचलं होतं. तो सोडवला, वाळवला, पुन्हा भरलं. दुसऱ्यांदा थेंब तव्यावर पडला आणि नुसता पसरला. रामकृष्ण वाट बघत राहिला. आवाज आला नाही.

"दोन," देवश्री म्हणाली.

मे महिना लागला होता. देवश्रीचा वाढदिवस होता, पण तिनं तसं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. भर दुपारी तिनं गाडी काढली. मागं रामकृष्ण आणि प्रमोदिनी. नव्या राजधानीकडं जाणाऱ्या रुंद रस्त्यावर झाडं अजून कमरेएवढीच होती, सावली म्हणून कुठं नाही. रामकृष्णानं काच खाली घेतली आणि इंजिन ऐकत राहिला. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर एका मोकळ्या चौकात देवश्रीनं गाडी उन्हातच उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. काटा वर सरकू लागला. नेहमीच्या पाण्याच्या गाडीत एवढ्यावर बुडबुडे ऐकू आले असते. इथं फक्त पंख्याचा आवाज. तरी रामकृष्णाच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

"बंद कर," तो म्हणाला. "प्रमोदिनी, तू खोल."

त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं.

"काकू, गरम आहे," देवश्री म्हणाली. "वाफ नसली तरी सांडलं तर भाजेल. थंड झाल्यावरच उघडायचं असतं खरं तर."

"मले माहीत हाये. आज एकडाव पाहा लागते."

रामकृष्ण वीसएक पावलं दूर जाऊन पाठमोरा उभा राहिला. प्रमोदिनीनं चामड्याचे हातमोजे चढवले, जाड गोणपाट झाकणावर टाकलं, चेहरा बाजूला केला. अठ्ठावीस वर्षांत तिनं हजारो रेडिएटर उघडले होते, सगळे थंड करून. तिनं पाव वेढा दिला. थांबली. पूर्ण वेढा दिला आणि झाकण उचललं. आत पिवळसर द्रव हलत होता, वर तेलासारखी चमक. काहीच उडालं नाही.

"खोल न," रामकृष्ण तिकडून म्हणाला.

"खोललं."

"कधी?"

"आत्ताच. माह्या हातात हाये."

तो वळला. हात पुढं करून चालत आला, बॉनेटची कड लागली तिथं थांबला. देवश्री रडत होती. तिचा आवाज ऐकून तो त्या बाजूला वळला.

"पोरी, तुह्या आईचं नाव काय?"

"मीरा."

"मीरा," त्यानं पुन्हा म्हटलं. इतकी वर्षं तिला तो नुसतं 'ते बाई' म्हणत आला होता. "हाये न?"

"आहे. घरी आहे. रोज विचारते, काका कधी येतील."

त्याच संध्याकाळी ते चौबे कॉलोनीत गेले. मीराबाई दारातच उभ्या होत्या. केस पांढरे, गुडघे दुखरे. त्यांनी रामकृष्णाचे दोन्ही हात धरून त्याला आत नेलं. भिंतीवर यशवंतरावांचा फोटो होता. रामकृष्णाला तो दिसणार नव्हता, म्हणून देवश्रीनं त्याचा हात धरून फ्रेमला लावला. तो काचेवर तळवा ठेवून उभा राहिला. प्रमोदिनी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. मीराबाईंनी तिला बघितलं आणि म्हणाल्या, "या न आत." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. प्रमोदिनीला तो असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर रामकृष्ण म्हणाला, "वाच ते पत्रं."

तिनं सातही वाचली. देवश्री चालायला लागली ते, तिला गोवर आला ते, शाळेत घातलं ते. शेवटच्या पत्रात यशवंतरावांनी लिहिलं होतं: "उत्तर येत नाही यावरून तुमची इच्छा समजतो. यापुढं लिहिणार नाही. पण तुम्ही एकदा बोलावलंत तर मी पायी येईन."

"हे त्या वेळी वाचलं असतं तुनं," तो शेवटी म्हणाला, "त मी बोलावलं असतं त्याईले. आता कोणाले बोलावू?"

तिनं पत्रं एकेक करून पाकिटांत घातली. चार वाजता दुकान उघडायची वेळ झाली. ती उठली, चपला घातल्या. रामकृष्ण दारापाशी आला आणि थोडा घुटमळून त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं गल्लीतून चालत दुकानात गेले.

रामकृष्ण त्यानंतर चार वर्षं जगला. देवश्री महिन्या-दोन महिन्यांनी त्याला लँडमास्टरमधून फिरवून आणायची. गाडीचा गवगवा झाला, आणि भिलाईहून, बिलासपूरहून जुन्या गाड्यांचे मालक बिनपाण्याचं कूलंट घालून मागायला येऊ लागले. प्रमोदिनी सगळ्यांना घालून देत नाही. "तुमची जाळी अर्धी बुजली हाये," ती स्पष्ट सांगते. "ह्याच्यात हे टाकलं त इंजिन अजून तापन. आधी जाळी करा." ज्यांना घालून देते त्यांच्या झाकणाला पत्र्याची चकती तारेनं बांधते, वर रंगानं लिहिलेलं: 'पानी मत डालना.' आणि कूलंट कुठलंही असो, गरम झाकणाला कुणी हात लावला की ती ओरडते, मग तो मालक असो की मंत्र्याचा ड्रायव्हर.

रामकृष्णाच्या तेराव्याला सुशील पुण्याहून आला होता. देवश्री आणि मीराबाई दिवसभर घरातच होत्या. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात भांडी आवरताना देवश्रीनं हळूच विचारलं, "काकू, रागावणार नसाल तर एक विचारू? काकांनी तुम्हाला माफ केलं होतं?"

प्रमोदिनी ताट पुसत राहिली.

"मी मागतलीच नाही कधी," ती म्हणाली. "मागतली असती त त्याईनं लगेच देली असती. तसा माणूस होता. म्हणूनच तोंड उघडलं नाही मी."

तिनं ताट फळीवर उभं केलं आणि दुसरं घेतलं.